दुसरे महायुद्ध आणि अमेरिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आरंभी प्राथमिक माहितीचे आणि पुढे अपवादांचे व गुंतागुंतीचे प्रश्न आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात नेमकी कधी उतरली?

कायद्याच्या दृष्टीने ८ डिसेंबर १९४१ रोजी. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, जपानी विमानांनी हवाई बेटांवरील पर्ल हार्बर या आरमारी तळावर हल्ला केला. त्यात २,४०३ अमेरिकी मृत्युमुखी पडले आणि त्यांपैकी १,१७७ जण ‘ॲरिझोना’ या एकाच युद्धनौकेवरचे होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी युद्ध पुकारण्याची मागणी केली तेव्हा सिनेटने ती ८२ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहाने ३८८ विरुद्ध १ मतांनी मान्य केली. विरोधातील ते एकमेव मत मोंटाना राज्याच्या जेनेट रँकिन यांचे होते. १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावालाही त्यांनी विरोधच केला होता. जपानी लेखनात या हल्ल्याची तारीख ८ डिसेंबर अशी आढळते. ती चूक नाही, कारण आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे तेव्हा सोमवार उजाडला होता.

२. त्याआधीची दोन वर्षे अमेरिका खरोखर तटस्थ होती का?

कागदावर होती, व्यवहारात उत्तरोत्तर कमी होत गेली. १९३५ पासून संसदेने एकामागून एक तटस्थतेचे कायदे केले होते आणि युरोपातील भांडणात पुन्हा आपली मुले पाठवायची नाहीत, ही भावना जनतेत खोल रुजलेली होती. तथापि १९३९ च्या दुरुस्तीने रोख पैसे मोजून स्वतःच्या जहाजांतून माल नेणाऱ्या देशांना शस्त्रे विकण्याची मुभा मिळाली. समुद्रावर ब्रिटिश आरमाराचे वर्चस्व असल्याने ती सवलत कोणाच्या पथ्यावर पडणार, हे उघड होते. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेने ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या आणि बदल्यात ब्रिटिश वसाहतींतील तळांचे हक्क घेतले. मार्च १९४१ मध्ये युद्धसामग्री उसनी किंवा भाडेपट्ट्याने देण्याचा लेंड-लीज कायदा झाला, म्हणजे रोखीची अटही गेली; युद्धाच्या अखेरीपर्यंत या कायद्याखाली सुमारे ५० अब्ज डॉलरची मदत मित्रराष्ट्रांना पोहोचली. ३१ ऑक्टोबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या पाच आठवडे आधी, जहाजांच्या ताफ्याला संरक्षण देणारी ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकी विनाशिका जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये बुडवली. अशा देशाला तटस्थ म्हणणे म्हणजे शब्दावर फारच भार टाकणे होय.

याचा अर्थ सारा देश युद्धाला उत्सुक होता असाही नाही. सक्तीने भरती केलेल्या जवानांची मुदत वाढवण्याचा ठराव ऑगस्ट १९४१ मध्ये प्रतिनिधिगृहात केवळ एका मताने, २०३ विरुद्ध २०२ असा, मंजूर झाला.

३. हल्ला जपानने केला, मग अमेरिका जर्मनीशी का लढली?

११ डिसेंबर १९४१ रोजी जर्मनी व इटली यांनी आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी अमेरिकेने त्यांना प्रत्युत्तर दिले. जपानशी झालेला करार बचावात्मक असल्याने आणि हल्ला जपानने केलेला असल्याने हिटलरवर तशी कराराची सक्ती नव्हती. जर्मनीविरुद्धच्या युद्धात कसे उतरावे, हे रूझवेल्ट यांचे मोठे राजकीय कोडे मात्र त्याने परस्पर सोडवून दिले. जर्मनीचा पराभव आधी, हे धोरण अमेरिकी व ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी १९४१ च्या पूर्वार्धातच ठरवलेले होते. असे असूनही अमेरिकी भूदलांची पहिली मोठी चढाई ऑगस्ट १९४२ मध्ये पॅसिफिकमधील ग्वाडलकॅनाल बेटावर झाली. उत्तर आफ्रिकेत ही दले नोव्हेंबर १९४२ मध्ये, इटलीच्या मुख्य भूमीवर सप्टेंबर १९४३ मध्ये आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी उतरली.

येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. जर्मनीच्या बाजूने सोव्हिएत संघाशी लढणाऱ्या फिनलंडविरुद्ध ब्रिटनने युद्ध पुकारले होते, अमेरिकेने ते कधीच पुकारले नाही.

४. किती अमेरिकी लढले? ते सर्व सक्तीने भरती झाले होते का?

सुमारे १ कोटी ६० लाख लोकांनी गणवेश चढवला आणि त्यांपैकी साधारण १ कोटी सक्तीच्या भरतीतून आले. ही भरती सप्टेंबर १९४० च्या कायद्याने, म्हणजे देश युद्धात नसतानाच, सुरू झाली. वयोमर्यादा आरंभी २१ ते ३५ होती, नोव्हेंबर १९४२ मध्ये ती खाली १८ पर्यंत आणली गेली. युद्धात सुमारे ४ लाख ५ हजार अमेरिकी सैनिक मरण पावले. धार्मिक श्रद्धेमुळे शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्यांना कायद्याने पर्याय होता. सुमारे १२ हजार जणांनी जंगले, शेती आणि मनोरुग्णालये येथे बिनपगारी काम केले, तर तेही नाकारणारे तुरुंगात गेले.

५. अमेरिकेत तर तेलाच्या विहिरी होत्या, मग पेट्रोलवर रेशन कशासाठी?

मुख्यतः रबरासाठी. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेल्यावर अमेरिकेला मिळणाऱ्या नैसर्गिक रबराचा नव्वद टक्क्यांहून अधिक पुरवठा तुटला, आणि टायर वाचवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे गाड्या रस्त्यावर येऊ न देणे हाच होता. म्हणून १ डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, ठरली. गाडीच्या काचेवर अक्षराची चिठ्ठी लावावी लागे. ‘ए’ चिठ्ठीवाल्या सामान्य नागरिकाला आरंभी आठवड्याला ४ गॅलन, म्हणजे सुमारे १५ लिटर पेट्रोल मिळत असे, तर डॉक्टरांसारख्या निकडीच्या व्यवसायांतील लोकांना ‘सी’ चिठ्ठी असे. पूर्व किनाऱ्यावर हे रेशनिंग मे १९४२ मध्येच आले होते, आणि तेथे कारण खुद्द पेट्रोलच होते: जर्मन पाणबुड्या किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजे बुडवत होत्या.

खाण्यापिण्याच्या वस्तूंत साखर सर्वांत आधी, मे १९४२ मध्ये आली आणि सर्वांत शेवटी, जून १९४७ मध्ये मुक्त झाली. मांस, लोणी आणि चीज यांसाठी लाल, तर डबाबंद भाज्या व फळांसाठी निळी तिकिटे असत. पैसे आणि तिकिटे दोन्ही दिल्यावरच माल हाती येई. कढईत उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन द्यावी, असा प्रचार गृहिणींमध्ये केला जाई, कारण तिच्यातील ग्लिसरीन स्फोटकांसाठी लागे. डिसेंबर १९४३ पासून त्या चरबीच्या मोबदल्यात लाल तिकिटेही मिळू लागली. आवाहनाने जे साधत नव्हते ते तिकिटांनी साधेल, असा हिशेब त्यामागे असावा. काळा बाजार अर्थातच होता, विशेषतः मांसाचा आणि पेट्रोलचा.

जानेवारी १९४३ मध्ये कापून विकल्या जाणाऱ्या पावावरही बंदी आली. गृहिणींनी इतका गहजब केला की सात आठवड्यांत ती उठवावी लागली. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. अमेरिकेतील टंचाईच्या आठवणी वाचताना तिचे हे प्रमाण विसरू नये.

६. कारखान्यांनी इतके उत्पादन कसे केले?

नागरी मोटारींचे उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये बंदच करण्यात आले आणि त्या कारखान्यांत रणगाडे, विमाने व इंजिने तयार होऊ लागली. मिशिगनमधील विलो रन येथील फोर्डच्या कारखान्यातून भरात असताना तासाला एक बी-२४ बॉम्बफेकी विमान बाहेर पडत असे. मालवाहू ‘लिबर्टी’ जहाजे जुन्या पद्धतीने रिव्हेट ठोकण्याऐवजी भाग वेगवेगळे तयार करून वेल्डिंगने जोडली जात. अशी २,७०० हून अधिक जहाजे बांधली गेली आणि त्यांपैकी ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे नोव्हेंबर १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरले. तो विक्रम प्रचारासाठी मुद्दाम केलेला होता. एरवी कित्येक आठवडे लागत. घाईची किंमतही मोजावी लागली, कारण काही जहाजांना थंड समुद्रात तडे गेले. एकूण विमाने सुमारे ३ लाख झाली. लेंड-लीजखाली सोव्हिएत संघाला गेलेले ट्रक आणि जीपच ४ लाखांच्या वर होते.

७. एवढा पैसा आला कोठून?

कर आणि कर्ज यांतून. युद्धापूर्वी आयकर भरणारे सुमारे ४० लाख होते, १९४५ पर्यंत ही संख्या ४ कोटींच्या पुढे गेली. पगारातूनच कर कापून घेण्याची आज सर्वपरिचित असलेली पद्धत १९४३ साली सुरू झाली, आणि सर्वोच्च उत्पन्नगटावरील कराचा दर ९४ टक्क्यांपर्यंत चढला. युद्धरोख्यांची विक्री सुमारे १८५ अब्ज डॉलरची झाली. या रोख्यांचा प्रचार देशभक्तीच्या भाषेत झाला. अर्थखात्याला मात्र त्यातून आणखी एक गोष्ट साधायची होती: लोकांच्या हातातील पैसा बाजारात येऊन महागाई भडकू नये. कारखाने भरधाव चालत होते, मजुरी वाढली होती आणि दुकानांत घेण्यासारखे फारसे नव्हते.

८. स्त्रियांचे जीवन खरोखर बदलले का?

काही काळ बदलले. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या १९४० मधील सुमारे १ कोटी २० लाखांवरून युद्धाच्या अखेरीस १ कोटी ८० लाखांच्या वर गेली आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रिया सैन्यदलांच्या गणवेशात होत्या. कारखान्यातून विमाने तळावर पोहोचवणाऱ्या आणि नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्ये ओढून नेणाऱ्या स्त्रीवैमानिकांपैकी ३८ जणी मरण पावल्या, परंतु त्यांना नागरी कर्मचारी मानले गेल्याने माजी सैनिकाचा दर्जा १९७७ पर्यंत मिळाला नाही. युद्ध संपताच बहुतेक कारखान्यांनी परतलेल्या पुरुषांना जागा करून दिली. दंडाची बेटकुळी दाखवणाऱ्या कामगार स्त्रीचे जे भित्तिपत्रक आज सर्वत्र दिसते, ते १९४३ साली एका कंपनीच्या कारखान्यांत थोडे दिवस लावलेले होते. ते प्रसिद्ध झाले १९८० च्या दशकात.

९. कृष्णवर्णीय सैनिक वेगळ्या तुकड्यांत का होते?

सैन्यात वंशभेद अधिकृत धोरण म्हणून पाळला जात होता. दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकी सैन्यात होते. त्यांतील बहुतेकांना हमाली, वाहतूक आणि रस्तेबांधणी यांसारखी कामे मिळाली, आणि रक्तपेढीत रक्तसुद्धा वंशानुसार वेगळे ठेवले जाई. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला तेव्हा रूझवेल्ट यांनी जून १९४१ मध्ये युद्धोद्योगांतील भेदभावाला बंदी करणारा हुकूम काढला. सैन्याला तो लागू नव्हता. जुलै १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो बंदरात दारूगोळा चढवताना स्फोट होऊन ३२० जण ठार झाले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. त्यानंतर त्याच परिस्थितीत पुन्हा काम करण्यास नकार देणाऱ्या ५० जणांना बंडाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. आरमाराने त्यांना निर्दोष ठरवले ते २०२४ साली. सैन्यातील वंशभेद संपवण्याचा हुकूम रूझवेल्ट यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी जुलै १९४८ मध्ये दिला.

माजी सैनिकांना शिक्षण आणि घरकर्ज देणारा १९४४ चा कायदा भाषेने सर्वांसाठी होता, परंतु कर्ज स्थानिक बँकांनी आणि प्रवेश स्थानिक महाविद्यालयांनी द्यायचा असल्याने दक्षिणेतील राज्यांत त्याचा लाभ कृष्णवर्णीयांपर्यंत फारसा पोहोचला नाही.

१०. जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत का डांबले?

१९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमान्वये पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे १ लाख २० हजार लोकांना हलवण्यात आले. त्यांपैकी दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. हाती मावेल तेवढेच सामान नेण्याची परवानगी असल्याने घरे, दुकाने आणि शेते मिळेल त्या भावाने विकावी लागली. मॅन्झनार, टुली लेक, हार्ट माउंटन यांसारख्या दहा छावण्या वाळवंटांत व ओसाड भागांत उभारल्या गेल्या. भोवती काटेरी तारा आणि पहाऱ्याचे मनोरे होते. सरकारी भाषेत मात्र याला ‘पुनर्वसन’ म्हटले जाई.

कारण म्हणून लष्करी निकड पुढे केली गेली. ती किती खरी होती, याचे उत्तर हवाई बेटांवर मिळते. प्रत्यक्ष हल्ला तेथे झाला होता आणि लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून मोठा भाग जपानी वंशाचा होता. तरीही तेथे सरसकट स्थानबद्धता झाली नाही, कारण तेवढी माणसे उचलली असती तर बेटांचे व्यवहारच ठप्प झाले असते. संसदेने नेमलेल्या आयोगाने पुढे १९८३ साली वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही कारणे नोंदवली. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येकाला क्षमापत्र आणि २० हजार डॉलर मिळाले.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९४४ रोजी एका निकालात ही हकालपट्टी ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवली आणि त्याच दिवशी दुसऱ्या निकालात निष्ठावान नागरिकाला छावणीत अडकवून ठेवता येणार नाही, असे सांगितले. याच समाजातील तरुणांच्या ४४२ व्या रेजिमेंटने इटली व फ्रान्समध्ये असामान्य पराक्रम केला. त्यांतील कित्येकांचे आईवडील तेव्हा छावण्यांत होते.

११. जर्मन आणि इटालियन वंशाच्या लोकांना हाच नियम होता का?

नाही. त्यांच्यापैकी नागरिकत्व न घेतलेल्यांवर निर्बंध होते आणि संशयितांना एकेकाची चौकशी करून स्थानबद्ध केले गेले. संपूर्ण समाजाला हलवले गेले नाही. नागरिकत्व नसलेले इटालियन सुमारे ६ लाख होते. त्यांच्यावरील निर्बंध ऑक्टोबर १९४२ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, उठवण्यात आले.

१२. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हल्ला झाला होता का?

झाला, पण किरकोळ. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियातील सँटा बार्बराजवळच्या तेलक्षेत्रावर तोफा डागल्या. जपानने वाऱ्यावर सोडलेल्या हजारो बॉम्बवाहू फुग्यांपैकी एकाने मे १९४५ मध्ये ओरेगॉन राज्यात एक गर्भवती स्त्री आणि पाच मुले अशा सहा जणांचा बळी घेतला. अलास्काची अट्टू आणि किस्का ही बेटे जून १९४२ पासून सुमारे वर्षभर जपानच्या ताब्यात होती, पण ती मुख्य भूमीत मोडत नाहीत.

१३. भारतात अमेरिकी सैनिक होते का? ते येथे काय करत होते?

होते, आणि त्यांचे मुख्य काम चीनला रसद पोहोचवणे हे होते. जपानने १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतल्यावर चीनकडे जाणारा रस्ता तुटला. तेव्हा आसाममधील चाबुआ, दिनजान यांसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून कुनमिंगकडे विमाने जाऊ लागली. वैमानिक त्या पर्वतरांगेला ‘हम्प’ म्हणजे वशिंड म्हणत. या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि सुमारे ६०० विमाने गमावली गेली. जोडीला आसाममधील लेडोपासून जंगल व डोंगर फोडून रस्ता काढण्यात आला. तेथील सुमारे १५ हजार अमेरिकी सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते (प्रश्न ९ पाहा), आणि त्यांच्या बरोबरीने भारतीय मजुरांनीही राबून तो पुरा केला. पहिला ताफा जानेवारी १९४५ मध्ये लेडोहून निघून फेब्रुवारीत कुनमिंगला पोहोचला. तोवर युद्धाचे सहा-सात महिनेच उरले होते. १९४४ मध्ये खरगपूर परिसरातून बी-२९ विमानेही चीनमार्गे जपानवर पाठवली गेली.

लेंड-लीजखाली १९४४ च्या करारान्वये सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदीही भारताला नाण्यांसाठी उसनी मिळाली. युद्ध संपल्यावर ती चांदीच्याच रूपात परत करायची होती.

१४. भारताच्या स्वातंत्र्याला अमेरिकेने पाठिंबा दिला का?

आतून थोडा, उघडपणे नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट व ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांनी काढलेल्या अटलांटिक सनदेत आपले शासन आपण निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क मान्य झाला होता. चर्चिल यांनी महिन्याभरातच तो भारताला लागू नसल्याचे पार्लमेंटमध्ये स्पष्ट केले. क्रिप्स वाटाघाटींच्या वेळी रूझवेल्ट यांचे प्रतिनिधी लुई जॉन्सन दिल्लीत मध्यस्थी करत होते, तीही फळाला आली नाही. मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव होऊन नेत्यांची धरपकड झाली तेव्हा अमेरिकी सरकारने एवढेच जाहीर केले की, आपले सैन्य भारतात केवळ शत्रूशी लढण्यासाठी असून त्याने अंतर्गत प्रश्नात पडू नये. तटस्थता हा शब्द अमेरिकेने पुन्हा वापरला नाही, पण प्रश्न २ मध्ये ज्या तटस्थतेचा बाज दिसतो तोच येथे उलट बाजूने दिसतो.

१५. मराठी सैनिक आणि अमेरिकी सैन्य कोठे एकत्र आले का?

इटलीत आले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तुकड्या तेथे ब्रिटिश सेनेत होत्या. डिसेंबर १९४४ मध्ये सेर्किओ खोऱ्यात कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांची ९२ वी डिव्हिजन अडचणीत येण्याची शक्यता दिसताच तिच्या मदतीला मराठा तुकडीचा समावेश असलेली आठवी भारतीय डिव्हिजन धाडण्यात आली. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरील ज्या चढाईत नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेव्हा इटलीतील मित्रराष्ट्रांच्या सैन्याचे नेतृत्व अमेरिकी सेनानी मार्क क्लार्क यांच्याकडे होते.

१६. अमेरिकेसाठी लढलेल्या प्रत्येकाला माजी सैनिकाचे हक्क मिळाले का?

नाही. स्त्रीवैमानिकांविषयी प्रश्न ८ मध्ये आले आहे. सर्वांत मोठा अपवाद फिलिपिनो सैनिकांचा. फिलिपीन्स तेव्हा अमेरिकेच्या अमलाखाली होते आणि तेथील अडीच लाखांहून अधिक लोक अमेरिकी नेतृत्वाखाली लढले, तरी १९४६ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांची सेवा लाभांसाठी ग्राह्य धरली गेली नाही. २००९ मध्ये हयात असलेल्यांना एकरकमी भरपाई मिळाली: अमेरिकी नागरिकांना १५ हजार आणि इतरांना ९ हजार डॉलर.

१७. युद्धामुळे अमेरिकेतील भारतीयांचे काही भले झाले का?

झाले, पण जपून. भारतीयांना अमेरिकी नागरिकत्व घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९२३ चा निकाल होता. आशियात मित्र हवे असताना आशियाई लोकांना दार बंद ठेवणे अवघड झाले, तेव्हा १९४३ मध्ये चिनी आणि जुलै १९४६ मध्ये भारतीय व फिलिपिनो यांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. भारतातून येणाऱ्यांची वार्षिक मर्यादा मात्र १०० होती.

१८. अमेरिकेसाठी युद्ध संपले नेमके कधी?

तारखा अनेक आहेत. जर्मनीची शरणागती मे १९४५ मध्ये झाली. ६ आणि ९ ऑगस्टला हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबॉम्ब टाकले गेल्यावर आणि सोव्हिएत संघही युद्धात उतरल्यावर जपानने २ सप्टेंबर १९४५ रोजी ‘मिसुरी’ या युद्धनौकेवर शरणागतीच्या पत्रावर सह्या केल्या. लढाई थांबल्याची अधिकृत घोषणा ट्रूमन यांनी ३१ डिसेंबर १९४६ रोजी केली. कायद्याने युद्धस्थिती त्यानंतरही कायम होती. ती जर्मनीशी ऑक्टोबर १९५१ मध्ये आणि जपानशी २८ एप्रिल १९५२ रोजी, सॅन फ्रान्सिस्को तह अमलात आल्यावर संपली.

हा फरक केवळ कागदी नव्हता. शत्रुराष्ट्राच्या नागरिकांविषयीच्या १७९८ च्या कायद्याखाली एका जर्मन नागरिकाला हद्दपार करण्याचा हुकूम निघाला होता, आणि युद्ध संपलेले असल्याने तो गैर आहे, असे त्याचे म्हणणे होते. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळले. जून १९५० पासून अमेरिकी सैनिक जपानमधील तळांवरून कोरियाच्या युद्धात जात होते, तेव्हासुद्धा ज्या देशातून ते निघत त्याच्याशी अमेरिकेचे युद्ध कायद्याने चालूच होते.